रेफ्यूजवरची शिकार, शिकाऱ्यांची सरकारी पाहणी आणि गाइडचे परवाने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत सप्टेंबर उजाडला की ऑफिसातला कोणीतरी बदकांच्या शिकारीच्या तयारीला लागतो. त्याच्या नादाने एखादा मराठी माणूसही परवाना काढतो आणि मग घरी फेडरल सरकारचं पत्र येतं : या हंगामात किती पक्षी मारलेत, कोणत्या तारखेला, कुठे? पत्र पाहून बहुतेकांना पहिली शंका येते ती आपण काहीतरी गुन्हा केल्याची. खालचे प्रश्न मुख्यतः अशा लोकांसाठी आहेत. अमेरिकेत वन्यजीवांचा कारभार कसा चालतो याचं कुतूहल असलेल्या इथल्या निसर्गप्रेमींनाही त्यातून बरंच काही सापडेल.

अभयारण्य म्हणायचं आणि तिथेच शिकारीला परवानगी द्यायची, हे कसं काय?

आपलं डोकं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घडलेलं आहे. आपल्याकडे अभयारण्यात बंदूक घेऊन शिरणं म्हणजे थेट तुरुंगाची वाट. अमेरिकेतल्या नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूजची, म्हणजे फेडरल सरकारच्या अभयारण्यांची, घडण वेगळी आहे. पहिलं रेफ्यूज १९०३ मध्ये फ्लोरिडातल्या पेलिकन आयलंडवर झालं. बायकांच्या टोप्यांवर लावायच्या पिसांसाठी पाणपक्ष्यांची कत्तल चालली होती, ती थांबवायला अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हुकूम काढला. पॉल क्रोगेल नावाच्या पहिल्या राखणदाराला महिना एक डॉलर पगार होता, तोही सरकारने न देता पक्षीप्रेमींच्या संस्थेने दिला. हे रूझवेल्ट स्वतः पट्टीचे शिकारी होते. तिथे संवर्धनाची चळवळच मुळात शिकाऱ्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, हे लक्षात घेतलं की पुढचं कोडं सुटतं.

१९३४ पासून पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला ‘डक स्टॅम्प’, म्हणजे फेडरल सरकारचं शिकारीचं तिकीट, घ्यावा लागतो. तेव्हा तो एक डॉलरला होता, आता पंचवीस डॉलरला आहे. त्यातल्या प्रत्येक डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जमीन विकत घेण्यावर किंवा भाड्याने घेण्यावर जातात. म्हणजे कित्येक रेफ्यूजची जमीन शिकाऱ्यांच्या पैशातून आलेली आहे. ‘आमच्या पैशाने घेतलेल्या जमिनीवर आम्हालाच बंदी का?’ हा सवाल तिथे वजनदार ठरतो, आणि कायद्याने त्याला अर्धा मानही दिला आहे : पक्ष्यांसाठी पूर्ण संरक्षित म्हणून घेतलेल्या रेफ्यूजवर साधारणपणे ४० टक्क्यांपर्यंतच क्षेत्र स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला उघडता येतं. उरलेल्या भागात पक्ष्यांना निवांतपणा.

१९९७ च्या कायद्याने सहा उपयोगांना अग्रक्रम दिला. शिकार, मासेमारी, वन्यजीव निरीक्षण, छायाचित्रण, पर्यावरण शिक्षण आणि माहितीपर उपक्रम. मात्र रेफ्यूज ज्या हेतूने स्थापन झालं त्याला बाधा येत नाही, असं तिथल्या व्यवस्थापकाला लेखी ठरवावं लागतं. आज साडेपाचशेहून जास्त रेफ्यूज आहेत, पण शिकार सगळीकडे चालत नाही. अलास्काबाहेर नियम असा की उघडलं नाही तोवर बंद. अलास्कात उलटं : बंद केलं नाही तोवर उघडं.

सरकार शिकाऱ्यांना नेमकं किती प्रकारे विचारतं? मला तर तीन वेगवेगळे फॉर्म आले.

तीनही खरे असू शकतात. एक म्हणजे परवाना काढताना विचारलेले चार प्रश्न. दुसरं, त्यातून निवडलेल्या काही जणांना पाठवलेली हंगामाची नोंदवही. तिसरं, त्या त्या रेफ्यूजवर शिकारीआधी आणि नंतर भरायचं कार्ड किंवा अहवाल. यांच्याशिवाय काही जणांना पक्ष्यांचे पंख मागणारी पाकिटं येतात, आणि काही वर्षांनी एकदा होणाऱ्या राष्ट्रीय पाहणीत तर शिकार न करणाऱ्यालाही प्रश्न येऊ शकतात. यांपैकी प्रत्येकाचं काम वेगळं, सक्ती वेगळी आणि माहिती जाते तीही वेगळ्या टेबलावर. लोकांचा घोळ होतो तो सगळं एकच समजल्यामुळे.

परवाना घेताना काउंटरवरच्या पोऱ्याने ‘गेल्या वर्षी किती बदकं?’ असं विचारलं. त्याला काय करायचंय?

त्याला काहीच करायचं नाही. तो फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या फेडरल वन्यजीव खात्याचं काम राज्याच्या वतीने करतोय. याला हार्वेस्ट इन्फर्मेशन प्रोग्रॅम म्हणतात. शिकारी लोक नुसतं ‘हिप’ म्हणतात. हवाई सोडून सर्व राज्यांत १९९८ पासून हा लागू आहे. स्थलांतरित पक्ष्यांची शिकार करणाऱ्या प्रत्येकाने राज्याला नाव-पत्ता द्यायचा आणि तसा पुरावा शिकारीच्या वेळी खिशात ठेवायचा.

‘गेल्या वर्षी किती’ या प्रश्नाचं उत्तर बेरजेत धरलं जात नाही, हे बऱ्याच शिकाऱ्यांनाही ठाऊक नसतं. त्यावरून शिकाऱ्यांचे गट पाडले जातात : बदकांमागे भरपूर फिरणारे, अधूनमधून जाणारे, फक्त होले मारणारे. मग प्रत्येक गटातून नमुना निवडून त्यांना खरी प्रश्नावली जाते. सरसकट चिठ्ठ्या टाकून लोक निवडले, तर वुडकॉकसारख्या पक्ष्याच्या मागे जाणारे मूठभर शिकारी नमुन्यात सापडणारच नाहीत.

याआधीची पद्धत १९५२ पासूनची होती. तिच्यात डक स्टॅम्प विकत घेणाऱ्यांमधून नमुना काढत. तिची गोम अशी की होल्याच्या किंवा वुडकॉकच्या शिकारीला डक स्टॅम्प लागतच नाही. त्यामुळे शिकाऱ्यांचा एक मोठा वर्ग सरकारच्या यादीबाहेरच राहायचा.

आता व्यवहारातलं दुखणं. संध्याकाळी दुकानात रांग लागलेली असते, विक्रेता कंटाळलेला असतो आणि प्रश्न न विचारताच सगळीकडे शून्य टाकून मोकळा होतो. तसं होताना दिसलं तर त्याला थांबवा आणि खरी उत्तरं सांगा. तुमच्या नावापुढे चुकून शून्य पडलं, की तुम्ही चुकीच्या गटात गेलात आणि तुमच्यासारख्यांचं वजन हिशोबात घसरलं.

नोंदवही आली आहे. रोज भरायची, की हंगाम संपल्यावर एकदम?

रोज. गाडीत बसल्या बसल्या, घरी पोचायच्या आत. आता हे ऑनलाइनही भरता येतं, तेव्हा निमित्त उरत नाही. तारीख, राज्य, काउंटी, किती पक्षी हाती लागले, किती जखमी होऊन हातातून निसटले, एवढंच बघतात. कोणत्या तळ्यावर, कोणत्या झाडामागे दडून बसलात, हे कोणी विचारत नाही. आपली लाडकी जागा फुटेल ही शिकाऱ्यांना वाटणारी भीती इथे निराधार आहे.

पण शिकारी खरं सांगतात का? मासे पकडणाऱ्यांच्या गप्पा आपण ऐकल्या आहेत.

शंका रास्त आहे आणि पाहणी करणाऱ्यांनाही ती पहिल्यापासून आहे. फेकाफेक त्यात असतेच, पण मुख्य अडचण स्मरणाची. मार्चमध्ये कोणी विचारलं की नोव्हेंबरात किती बदकं मिळाली, तर माणूस चांगला दिवस आठवतो आणि चार रिकामे दिवस विसरतो. आकडे पाचाच्या, दहाच्या पटीत येऊ लागतात. सात कोणी सांगत नाही, दहा सांगतात. दिवसाची मर्यादा सहाची असेल तर पाच मिळालेल्यालाही सहाच आठवतात. म्हणून हंगाम सुरू होतानाच नोंदवही हातात देण्याचा आग्रह असतो.

दुसरी खोट जास्त त्रासाची आहे, कारण ती खोटं न बोलताही शिरते. ज्याला भरपूर शिकार मिळाली तो हौसेने उत्तर पाठवतो, आणि ज्याचा हंगाम कोरडा गेला तो पत्र बाजूला टाकतो. अशा एकतर्फी उत्तरांवर हिशोब केला तर आकडा फुगतो. संख्याशास्त्रज्ञ त्यावर उतारे काढतात, स्मरणपत्रं पाठवतात, पण पत्राला उत्तर देणारे कमी होत चालले की कोणताही उतारा लंगडाच पडतो.

माझं मत विचाराल तर या पाहण्यांमधला सगळ्यात भरवशाचा आकडा रेफ्यूजच्या चेक स्टेशनवरचा, म्हणजे शिकार तपासणीच्या नाक्यावरचा. तिथे माणूस आणि मेलेला पक्षी एकाच वेळी समोर असतात.

पक्ष्याचे पंख टपालाने मागवतात म्हणे?

हो, आणि या सगळ्या खटाटोपातला हा सर्वांत रंजक भाग. निवडक शिकाऱ्यांना टपालखर्च भरलेली पाकिटं आगाऊ पाठवतात. बदक मिळालं की त्याचा एक पंख मुळाशी कापायचा, पाकिटात घालायचा, वर तारीख आणि ठिकाण लिहायचं आणि पेटीत टाकायचा. हंसांच्या बाबतीत शेपटीची पिसं आणि पंखांची टोकं पाठवतात.

हंगाम संपला की अमेरिकेच्या चारही उड्डाणमार्गांवर, म्हणजे अटलांटिक, मिसिसिपी, सेंट्रल आणि पॅसिफिक मार्गांवर, जीवशास्त्रज्ञांचे मेळे भरतात. त्याला ‘विंगबी’ म्हणतात. लांबच लांब टेबलं, त्यांवर जातवार लावलेले पंखांचे ढीग, आणि वाकून एकेक पंख उलगडणारी माणसं. पंख उघडला की आधी जात ठरते. मग नर की मादी, हे पिसांच्या रंगावरून आणि पट्ट्यांवरून. वयासाठी शरीराजवळची पिसं बघतात : या वर्षीच्या पिल्लाची ती बारीक, विटलेली आणि कडांना झिजलेली असतात, प्रौढाची रुंद आणि तजेलदार. शेपटीचं पीस तर आणखी चुगलखोर. पिल्लाच्या पिसाचं टोक खाच पडलेलं असतं, कारण अंड्यातून बाहेर येतानाची लव त्याच टोकाला चिकटलेली असते आणि ती तुटून पडल्यावर खाच मागे राहते.

एवढा उपद्व्याप कशासाठी? शिकारी ‘बदक’ लिहितो, पण बऱ्याच बदकांच्या माद्या करड्या-तपकिरी दिसतात आणि भल्याभल्यांची गल्लत होते. पंख खोटं बोलत नाही. शिवाय एका प्रौढ मादीमागे किती पिल्लं आली, या प्रमाणावरून त्या वर्षी उत्तरेतला विणीचा हंगाम कसा गेला त्याचा अंदाज बांधता येतो. नोंदवहीतून एकूण संख्या मिळते आणि पंखांतून त्या संख्येची जात, लिंग व वय यांत विभागणी होते. एक नसेल तर दुसऱ्याचा फारसा उपयोग नाही.

या आकड्यांचं पुढे होतं काय? की फायलीत पडून राहतात?

दर वर्षी हंगाम किती दिवसांचा आणि दिवसाला किती पक्षी मारायचे हे ठरतं, त्यात हे आकडे लागतात. स्थलांतरित पक्षी कोणा एका राज्याचे नाहीत, एका देशाचेही नाहीत. कॅनडातल्या पक्ष्यांसाठी ब्रिटनशी १९१६ मध्ये करार झाला, त्यावर १९१८ चा कायदा आला आणि पुढे मेक्सिको, जपान आणि सोव्हिएत संघाशीही करार झाले. त्यामुळे हंगामाची चौकट फेडरल सरकार आखतं आणि राज्यं तिच्या आत आपापल्या तारखा निवडतात.

१९५५ पासून दर वसंतात विमानातून विणीच्या प्रदेशातली बदकं आणि तळी मोजली जातात. कोविडमुळे २०२० आणि २०२१ या दोन वर्षी मात्र विमानं उडाली नाहीत. १९९५ पासून बदकांच्या हंगामासाठी एक ठरलेली पद्धत आहे : मोजणी, शिकारीचे आकडे आणि पायात कडी घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदी एकत्र करून कडक, मध्यम की सैल नियम लावायचे ते निवडायचं, आणि पुढच्या वर्षी आपला अंदाज कितपत बरोबर आला ते तपासायचं.

आपल्या ओळखीचं उदाहरण घ्या. जायकवाडीला किंवा नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात येणारा तलवार बदक हीच जात उत्तर अमेरिकेतही आहे. तिथे कित्येक हंगाम त्याची दिवसाची मर्यादा एकच पक्षी होती. अभ्यासकांनी हिशोबाची रीत नव्याने बसवली आणि २०२५–२६ च्या हंगामाला मर्यादा तीनपर्यंत गेली. एकाचे तीन झाले ते कोणाच्या मर्जीने झाले नाहीत; शिकारीचा पक्ष्यांच्या संख्येवर किती परिणाम होतो, याचा अंदाज बदलला म्हणून झाले.

रेफ्यूजवर फलकाखालच्या पेटीत कार्ड टाकायचं असतं. नाही टाकलं तर?

इथे मात्र सक्ती आहे. जिथे हे कार्ड रेफ्यूजच्या परवान्याची अट असते तिथे ते भरणं शिकारीच्या नियमांतच मोडतं. पार्किंगच्या कडेला एक खांब, त्यावर नकाशा आणि झाकणाची पेटी. कार्डाचा एक भाग भरून पेटीत टाकायचा आणि दुसरा गाडीच्या डॅशबोर्डवर, बाहेरून दिसेल असा ठेवायचा. परतताना काय मिळालं ते लिहून तोही टाकायचा. काही मिळालं नसेल तर शून्य लिहायचं. या कार्डांवरून व्यवस्थापकाला कळतं की कोणत्या दिवशी किती गर्दी झाली, कोणता कोपरा रिकामा राहिला, आणि कोणी संध्याकाळी परत आलं नसेल तर शोध कुठून सुरू करायचा.

मोठ्या रेफ्यूजवर माणसं नेमलेली असतात. कॅलिफोर्नियातलं सॅक्रामेंटो रेफ्यूज आणि त्याच्या शेजारची डेलेव्हन, कोलुसा, सटर ही रेफ्यूज यांचं उत्तम उदाहरण. जमीन फेडरल, पण शिकारीचा कार्यक्रम राज्याचा वन्यजीव विभाग चालवतो. हंगामात फक्त शनिवार, रविवार आणि बुधवारी शिकार. आरक्षण सोडतीने. पहाटे अंधारात चेक स्टेशनच्या खिडकीवर परवाना, हिपचा पुरावा आणि स्टॅम्प दाखवायचा आणि दिवसाचा पास घ्यायचा. परतल्यावर पास जमा करायचा आणि पक्षी दाखवायचे. तिथला माणूस जातवार मोजून लिहून घेतो. मग माणशी सरासरी किती पक्षी मिळाले ते राज्य जाहीर करतं, आणि पुढच्या बुधवारी कुठे जायचं हे शिकारी त्यावरून ठरवतात. म्हणजे आकडा ज्यांच्याकडून घेतला त्यांनाच परत मिळतो. सरकारी पाहणीत असं क्वचित घडतं, आणि म्हणूनच इथे कोणी कुरकुरत नाही.

टपालाने आलेल्या पाहणीला उत्तर देणं बंधनकारक आहे का?

नाही. हिपमध्ये नाव नोंदवणं सक्तीचं. त्यानंतर येणारी नोंदवही आणि पंखांची पाकिटं ऐच्छिक.

यामागे एक कायदा आहे, आणि आपल्याकडेही असावा असं वाटायला लावणारा आहे. १९८० चा पेपरवर्क रिडक्शन अ‍ॅक्ट. कोणत्याही फेडरल खात्याला दहा किंवा त्याहून जास्त लोकांना तेच ते प्रश्न विचारायचे असतील तर आधी अर्थसंकल्प कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी राजपत्रात आधी साठ दिवसांची सूचना, लोकांचे अभिप्राय, मग पुन्हा तीस दिवसांची सूचना. एक फॉर्म भरायला सामान्य माणसाला किती मिनिटं लागतील आणि देशभर मिळून किती तास जातील, याचा अंदाज खात्याला लेखी द्यावा लागतो. मंजुरी फार तर तीन वर्षांची, नंतर पुन्हा पहिल्यापासून. मंजुरी मिळाली की फॉर्मवर क्रमांक छापतात. वैध क्रमांक नसलेला फॉर्म भरला नाही म्हणून कोणालाही दंड करता येत नाही.

तेव्हा फॉर्म हाती आला की आधी वरच्या कोपऱ्यात क्रमांक आणि मुदतीची तारीख बघा. राजपत्रातली ती सूचनाही वाचून बघा, कारण अभिप्राय कोणीही पाठवू शकतो आणि एखादा प्रश्न निरर्थक आहे असं सप्रमाण सांगितलं तर खात्याला त्याला उत्तर द्यावं लागतं.

माझं नाव-पत्ता पुढे कोणाला दिला जाईल का? कमी-जास्त लिहिलं तर वॉर्डन घरी येईल का?

हिपसाठी घेतलेली नावं नमुना काढण्यासाठी असतात आणि पाहणीचं काम आटोपलं की त्या नोंदी नष्ट केल्या जातात. नोंदवहीतल्या उत्तरावरून कारवाई करण्याची ही यंत्रणाच नाही. तसं झालं असतं तर दुसऱ्या वर्षी कोणी खरं लिहिलं नसतं. रेफ्यूजच्या परवान्यावरची आणि गाइडच्या अहवालातली माहिती मात्र वेगळी. ती परवान्याची कागदपत्रं आहेत आणि तिथे जाणूनबुजून खोटं लिहिणं फेडरल गुन्ह्यात मोडतं.

दर काही वर्षांनी ‘शिकारी वाढले’ किंवा ‘शिकारी संपत आले’ अशा बातम्या येतात. खरं काय?

बातमीचा उगम बहुधा राष्ट्रीय पाहणीत असतो. १९५५ पासून साधारण पाच वर्षांनी ती होते. २०१६ च्या पाहणीत सोळा वर्षांवरचे १.१५ कोटी शिकारी होते, २०२२ मध्ये १.४४ कोटी. वन्यजीव निरीक्षण करणारे ८.६ कोटींवरून १४.८ कोटींवर गेले. सहा वर्षांत एवढी उडी? नाही. २०२२ ला पाहणीची पद्धत बदलली, करणारी संस्थाही बदलली, त्यामुळे हे आकडे आधीच्या आकड्यांशेजारी मांडू नयेत असं पाहणी करणाऱ्यांनीच बजावलं आहे. बातमीदार ते वाक्य वगळतात.

शिकारी मोजण्यामागे पैशाचंही गणित आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुकांवरचा आणि काडतुसांवरचा उत्पादनकर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला; आज तो लांब नळीच्या बंदुकांवर ११ टक्के आणि पिस्तुलांवर १० टक्के आहे. वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळणाऱ्या वाट्यात निम्मा भाग राज्याच्या क्षेत्रफळावर आणि निम्मा परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येवर ठरतो. अर्थात तो हिशोब परवान्यांच्या विक्रीवरून होतो, पाहणीवरून नाही.

रेफ्यूजवर गाइड घेता येतो का?

काही ठिकाणी. रेफ्यूजवर कोणताही खासगी धंदा परवानगीशिवाय करता येत नाही, आणि शिकारीला नेऊन पैसे घेणं हा धंदाच. गाइडला त्या रेफ्यूजचा व्यावसायिक विशेष वापर परवाना लागतो; फॉर्मचा क्रमांक ३-१३८३-सी. त्यात विमा, वाहनं, होड्या, मदतनीस, किती गिऱ्हाइकं नेणार, सगळं लिहावं लागतं. बऱ्याच रेफ्यूजवर गाइडना मुळीच परवानगी देत नाहीत, आणि त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे : सार्वजनिक तळ्यावरच्या मोक्याच्या जागा गाइड रोज पहाटे अडवू लागले, तर पंचवीस डॉलरचा स्टॅम्प घेऊन आलेल्या साध्या माणसाने जायचं कुठे?

ताडोब्याच्या सवयीने विचार करणाऱ्यांसाठी एक खुलासा. आपल्याकडे गाइड हा वन विभागाने नोंदवलेला, पाळीने जिप्सीत बसणारा गावातला माणूस. अमेरिकेतला शिकारीचा गाइड हा स्वतंत्र व्यावसायिक. सरकार त्याला नेमत नाही, फक्त जागा वापरायला देतं आणि त्याचं शुल्क घेतं.

अलास्कात गाइडशिवाय शिकार करता येत नाही, हे खरं?

अर्धं खरं. तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि पहाडी बकरा यांच्यासाठी राज्याबाहेरून आलेल्या अमेरिकन शिकाऱ्याला परवानाधारक गाइड किंवा अलास्कात राहणारा जवळचा नातेवाईक सोबत लागतो. परदेशी पाहुण्या शिकाऱ्याला तर मूसपासून कॅरिबूपर्यंत कोणत्याही मोठ्या जनावरासाठी गाइड घ्यावाच लागतो. त्यामुळे तिथे गाइडचा परवाना ही मोठी मिळकत असते.

आणि म्हणूनच त्यावरून भांडणंही झाली. पूर्वी राज्य सरकार एकेका गाइडला एकेक इलाखा कायमचा तोडून द्यायचं. १९८८ मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने ओसिचेक खटल्यात ही मक्तेदारी राज्यघटनेविरुद्ध ठरवली, कारण तिथल्या घटनेनुसार वन्यजीव सर्वांच्या समाईक वापरासाठी राखलेले आहेत. इलाखे खुले होताच ज्याला जिथे वाटेल तिथे गाइड शिरू लागले. मग फेडरल खात्याने आपल्या रेफ्यूजपुरती स्पर्धेची पद्धत आणली. इलाख्यांसाठी अर्ज मागवतात. अनुभव, सुरक्षितता, आधीचे नियमभंग आणि वन्यजीवांवर व इतर लोकांवर होणारा परिणाम यांना गुण देतात. परवाना पाच वर्षांचा, काम चांगलं असेल तर आणखी पाच वर्षं स्पर्धेविना, त्यानंतर पुन्हा सगळ्यांबरोबर रांगेत. अलास्कात अशी सोळा रेफ्यूज आहेत. कोडियाकसारखं अस्वलांसाठी प्रसिद्ध बेट त्यांतच येतं. १९४१ मध्ये ते रेफ्यूज झालं.

गाइडकडून सरकार काय माहिती घेतं?

शिकाऱ्यांपेक्षा कमी लोक, पण जास्त तपशील. किती गिऱ्हाइकं, किती दिवस, कोणत्या भागात, विमान कुठे उतरवलं, तळ कुठे ठोकला, कोणतं जनावर मिळालं, कोणतं जखमी होऊन गेलं. गिऱ्हाइकाच्या दर दिवसामागे शुल्क असल्यामुळे दिवसांचा हिशोब चोख लागतो. अलास्कात गाइडना परवाने देणाऱ्या राज्याच्या मंडळाला प्रत्येक शिकारीची नोंद वेगळी द्यावी लागते. दोन्ही कागद जुळले नाहीत तर प्रश्न येतात, आणि त्यामुळे गाइडचे आकडे एकूण शिकाऱ्यांच्या आठवणींपेक्षा जास्त टिकाऊ असतात. त्यांचा उणा भाग एवढाच की गाइड जातो तो चांगल्या जागी, पैसे मोजलेल्या माणसाला घेऊन. त्याच्या यशावरून साऱ्या रेफ्यूजचं चित्र काढायला गेलात तर ते गुलाबीच निघणार.

एखादा ओळखीचा म्हणतो, ‘पेट्रोलचे पैसे दे, मी तुला रेफ्यूजवर नेतो.’ चालेल?

मित्रांनी खर्च वाटून घेणं वेगळं आणि नेण्याचा मोबदला घेणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तो विनापरवाना गाइड ठरतो. त्यात शिकारीचा एखादा नियम मोडला असेल तर १९०० चा लेसी कायदा लागू शकतो, कारण या कायद्यात बेकायदा शिकारीसाठी गाइडची सेवा विकणं म्हणजे ते जनावर विकणंच मानलं जातं. साधा राज्याचा दंड तिथून थेट फेडरल खटल्यावर जातो. व्यावसायिक गाइड असेल तर त्याला त्या विशिष्ट रेफ्यूजचा परवाना दाखवायला सांगा. राज्याचा गाइड परवाना तेवढ्यासाठी पुरत नाही.

मी एच-१बी व्हिसावर आहे. बंदूक हातात घेऊ शकतो का?

सरसकट बघितलं तर फेडरल कायद्याने बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांत अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने कायदेशीरपणे दिलेला शिकारीचा परवाना येतो. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. पण राज्यांचे कायदे वेगळे आणि काही ठिकाणी फार कडक आहेत, शिवाय परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. व्हिसा पणाला लागलेला असताना सहकाऱ्याच्या तोंडी सल्ल्यावर जाऊ नका, वकिलाला विचारा. मित्राची बंदूक घटकाभर हातात धरणंही बाळगण्यात मोडू शकतं.

आपल्याकडे अशा पाहण्या होतात का?

शिकारच नाही म्हटल्यावर शिकाऱ्यांची नाही. पण पाणपक्ष्यांची मोजणी होते : १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना, स्वयंसेवकांच्या जोरावर. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजायचा उपक्रमही महाराष्ट्रात होतो, जरी त्यातून निघणाऱ्या आकड्यापेक्षा त्या रात्रीची मजाच जास्त मोलाची. मोठा फरक असा की आपल्याकडे हौशी माणूस जिवंत पक्षी मोजतो आणि तिकडे मारलेले मोजून देणाऱ्याच्या भरवशावर बरंच काही चालतं.

नोंदवही आली, पण या हंगामात कामामुळे मी एकदाही गेलो नाही. मग भरायची कशाला?

तुमचंच उत्तर सगळ्यात जास्त हवं असतं. परवाना काढलेल्या सगळ्यांपैकी प्रत्यक्ष किती जण गेले, हे कळल्याशिवाय सरासरीला कशाने गुणायचं ते ठरत नाही. न गेलेले गप्प राहिले की ते गेलेल्यांसारखेच धरले जाण्याचा धोका असतो आणि कागदावर न मारलेली बदकं मेलेली दिसतात. ‘शिकार केली नाही’ या चौकोनात खूण करा आणि पाठवून द्या. टपालखर्च आधीच भरलेला आहे.